चार मायक्रॉनचा पडदा

बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली. जो तो म्हणतो, ‘‘दहा-पंधरा मिनिटांचं काम, काळजी कसली!’’ बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण माझं मन भिंगाच्या मागच्या पडद्यापाशी अडकलंय. मध्यभागी तो जेमतेम चार मायक्रॉन जाडीचा. गढूळ भिंग फोडून ओढून घेताना यंत्राची सुई त्याच्या अगदी जवळ फिरत असते. तो फाटला, तर डोळ्यातला मागचा घट्टसर द्रव पुढे येतो, भिंगाचा तुकडा मागे घसरू शकतो आणि मग दृष्टिपटलाच्या सर्जनना बोलवावं लागतं.

पडदा अनुभवी सर्जनच्या हातूनही फाटतो. शिकाऊ सर्जनच्या हातून जास्त वेळा. खरी पारख त्यानंतरच्या क्षणी होते. घाबरून सुई झटकन बाहेर काढली की नुकसान वाढतं. जाणकार सर्जन आधी आत जेल भरून दाब सांभाळतो, मगच सुई काढतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं, बोटांत उतरायला शेकडो डोळे लागतात. ते डोळेही कुणाचे तरी असतातच. म्हणून शिकणाऱ्यांना नकार देणं मला पटत नाही. शेजारी वरिष्ठ हवा, एवढा मात्र माझा हट्ट आहे.

आणखी एक काळजी आहे: बाबा प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेतात. या गोळीमुळे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो आणि शस्त्रक्रियेत बाहुली आकसते, हे 2005 मध्ये प्रथम नोंदवलं गेलं. गोळी थांबवली तरी परिणाम राहू शकतो. आधी कळलं तर सर्जन तयारीनिशी उतरतो. तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल, पूर्वी घेतली असेल, तर पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना सांगा.