एक कार्ड, दोन डिस्पेन्सऱ्या

आमच्या आईवडिलांच्या पिढीला दिल्लीने सरकारी क्वार्टर दिलं आणि सीजीएचएसचं कार्ड दिलं. ही आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीतच सुरू झाली. सरोजिनीनगर, नेताजीनगर, रामकृष्णपुरम, किडवईनगर इथे वाढलेल्या आम्हा मराठी मुलांना ते कार्ड रेशनकार्डाइतकंच ओळखीचं होतं. त्याच कार्डावर ॲलोपॅथीची डिस्पेन्सरी आणि त्याच कार्डावर आयुर्वेदाची. बाबा एका रांगेत उभे राहत, आई दुसऱ्या. एखादं औषध नसलं की ‘इंडेंट’ लागे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागे. दोन्हीकडच्या परच्या वेगळ्या, डॉक्टर वेगळे, रजिस्टरं वेगळी. ती सगळी औषधं एकत्र येत ती फक्त स्वयंपाकघरातल्या फडताळात, मसाल्याच्या डब्यांच्या वरच्या फळीवर.

नागपूर, पुणे, सोलापूर, साताऱ्याकडून ही माणसं लोअर डिव्हिजन क्लार्क, स्टेनो, असिस्टंट म्हणून आली. मुलं पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत गेली, गणपती मंडळात बसले, आणि स्वयंपाकघर हळूहळू निम्मं दिल्लीकर झालं. भाकरी मागे पडली, पराठा आला. डीएमएसच्या बूथवरून आणलेल्या दुधाची साय आठवडाभर साठवून आई तूप कढवायची. सणाला तळण डालड्यात व्हायचं, कारण महिनाअखेरीला तेच परवडायचं. हिवाळ्यात उद्योग भवन, कृषी भवनाच्या आसपासच्या हिरवळीवर जेवणाच्या सुट्टीत ऊन, शेंगदाणे आणि पत्ते. ही माणसं स्वतःसाठी फार खर्च करत नसत. दुखणं अंगावर काढायची त्यांना सवय होती, म्हणूनच त्यांचं दुखणं घरात उशिरा कळे.

नव्वदच्या दशकात कोलेस्टेरॉल हा शब्द आमच्या ब्लॉकमध्ये आला तो एका मृत्यूबरोबर. वरच्या मजल्यावरचे काका पन्नाशीतच ऑफिसात कोसळले आणि विलिंग्डनला, म्हणजे राममनोहर लोहिया रुग्णालयाला, पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढच्या महिन्याभरात ब्लॉकमधल्या बहुतेक बाबांनी रक्त तपासून घेतलं. लिपिड प्रोफाइलचा कागद शेजारीपाजारी दाखवला जाऊ लागला. काही वर्षांत डिस्पेन्सरीतून रात्रीची एक गोळी सुरू झाली: आधी सिमव्हास्टॅटिन, नंतर ॲटॉरव्हास्टॅटिन.

या गोळीचा, म्हणजे स्टॅटिनचा, इतिहास जपानी आहे. अकिरा एन्डो या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बुरशींचा शोध घेता घेता असं द्रव्य मिळवलं, जे यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया मंदावतं. यकृताला मग कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. १९८७ साली अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की सिमव्हास्टॅटिनने हृदयरोग्यांचे मृत्यू खरोखरच कमी होतात. बाबांना हे तपशील ठाऊक नव्हते. त्यांना एवढंच सांगितलं होतं की गोळी कायमची आहे. तो ‘कायमची’ शब्द त्यांना पचला नाही. ज्यांनी आयुष्यात कसलंही कर्ज ठेवलं नव्हतं, त्यांना जन्मभराची गोळी हे देणं वाटायचं. मग ते हळूहळू फेडण्याचे उपाय सुरू झाले. त्या उपायांना ते औषध म्हणत नसत, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचा प्रश्न त्यांच्या मनात येतच नसे.

पहिला आला गुग्गुळ. त्याला भोळेपणा म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ साली जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून गुग्गुळाचा अभ्यास केला, सशांवर प्रयोग केले आणि रक्तातली चरबी उतरते असं दाखवलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातून गुग्गुलिपिड तयार केलं, आणि ऐंशीच्या दशकात ते कोलेस्टेरॉलचं औषध म्हणून भारतात बाजारात आलं. याच सत्यवती नंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. परिषदेचं मुख्यालय अन्सारीनगरला, एम्सच्या शेजारी, आमच्या क्वार्टरपासून बसने काही थांब्यांवर. ज्या औषधामागे असा अभ्यास उभा आहे, त्यावर सरकारी नोकराने विश्वास ठेवला तर तो अडाणीपणा कसा?

पण अभ्यास तिथे थांबला नव्हता, आणि ही पुढची गोष्ट आमच्या ब्लॉकपर्यंत पोचली नाही. १९९४ साली मुंबईच्या केईएममधल्या औषधशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांना गुग्गुलिपिड देऊन पाहिलं, तेव्हा त्याबरोबर घेतलेल्या डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या दोन औषधांचं रक्तातलं प्रमाण घटलेलं आढळलं. आमच्याकडे रक्तदाबासाठी डिल्टियाझेम घेणारे किती तरी होते! २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. तीत गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचं एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. प्रयोगशाळेतल्या कामातून असंही दिसलं की गुग्गुळातलं द्रव्य शरीरातली औषधं मोडणारी विकरं जागी करतं. ॲटॉरव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन मोडणारं सीवायपी३ए४ हे विकर त्यातलंच. म्हणजे गोळीला मदत व्हावी म्हणून घेतलेली वस्तू गोळीचीच ताकद कमी करत असण्याची शक्यता होती.

त्यातून गुग्गुळ एकाच बाटलीत नसायचा. डिस्पेन्सरीतला त्रिफळा गुग्गुळ, खारी बावलीतून कुणी आणलेला मेदोहर गुग्गुळ, आणि झेलम एक्सप्रेसने पुण्याहून येणाऱ्या आत्याच्या पिशवीतली आरोग्यवर्धिनी. आरोग्यवर्धिनीतही गुग्गुळ असतोच, शिवाय पारा-गंधकाची कज्जली. तीन बाटल्यांवर तीन नावं, म्हणून ती तीन वेगळी औषधं समजली जात. वैद्यांना स्टॅटिनची कल्पना नाही आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना आरोग्यवर्धिनीची. दोघेही सज्जन, दोघेही आपापल्या परीने बरोबर. त्यांच्यामध्ये एक रस्ता होता आणि तो ओलांडणारा माणूस काहीच बोलत नव्हता.

का बोलत नव्हता? मला वाटतं, त्यात लपवाछपवी नव्हती. रांगेत मागे वीस माणसं उभी असताना डॉक्टरांचा वेळ घेऊ नये, हा त्या पिढीचा संस्कार. शिवाय ‘तुमची गोळी पुरेशी वाटत नाही’ असं तोंडावर सांगणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान, असं त्यांना वाटे. आई तर म्हणायची, “लसूण काय औषध आहे का सांगायला?”

लसूण होताच, रोज सकाळी अनशापोटी दोन पाकळ्या. स्टॅनफर्डमध्ये २००७ साली १९२ जणांवर कच्चा लसूण आणि त्याच्या गोळ्या सहा महिने वापरून पाहिल्या, एलडीएलमध्ये फरक पडला नाही. जेवणातल्या लसणाने काही बिघडत नाही. पण लसणाच्या दाट अर्काच्या कॅप्सुल ॲस्पिरिन किंवा वॉरफेरिनबरोबर घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि बायपास झालेल्या काकांच्या परचीत ॲस्पिरिन असायचंच.

एका वस्तूबद्दल मात्र त्या पिढीला शाबासकी दिली पाहिजे. गुजरातेतून येणारा, रात्री कोमट पाण्यात ढवळलेला इसबगोल! त्याने एलडीएल खरोखर थोडं उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ साली हृदयासाठी त्याची उपयुक्तता मान्य केली, आणि एका चाचणीत कमी मात्रेच्या सिमव्हास्टॅटिनला इसबगोलाची जोड दिली तर दुप्पट मात्रेइतका परिणाम दिसला. फक्त तो बुळबुळीत गोळा इतर गोळ्याही धरून ठेवू शकतो, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. आमच्या घरी एकाच घोटाबरोबर गोळी आणि इसबगोल दोन्ही पोटात जात. पाणी गरम करायचे कष्ट वाचत म्हणून.

मग टीव्हीवरची योगशिबिरं आली आणि बागांच्या फाटकांशी दुधी भोपळ्याच्या रसाच्या गाड्या लागल्या. फिरायला गेलेले बाबा चप्पल काढायच्या आत सांगत, आज दुधी-कारल्याचा घेतला. २०१० साली दिल्लीतले सीएसआयआरचे एक शास्त्रज्ञ असा रस प्यायले आणि दगावले. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि स्पष्ट सांगितलं की रस कडू लागला तर पिऊ नये, टाकून द्यावा. ती बातमी आमच्या ओळखीच्या घराघरांत वाचली गेली, कारण सीएसआयआर म्हणजे आपलीच माणसं. बाबांनी रस सोडला. अन्न म्हणून आलेली वस्तूही घात करू शकते, हे त्यांना त्या दिवशी पटलं.

निवृत्तीनंतर ही मंडळी क्वार्टर सोडून द्वारका, पश्चिम विहार, वसुंधरा, नोएडाकडे पांगली. फडताळात आता अमेरिकेहून आलेल्या डब्या होत्या: माशाचं तेल, कोएन्झाइम क्यूटेन, लाल यीस्टचा तांदूळ. मुलींनी प्रेमाने पाठवलेल्या. त्या लाल तांदळातलं मोनाकोलिन-के म्हणजे लोव्हास्टॅटिनच, तेच द्रव्य, आणि तेही एन्डोंनीच १९७९ साली तशाच बुरशीतून वेगळं केलं होतं. म्हणजे रात्री डिस्पेन्सरीची गोळी आणि सकाळी तिचीच बहीण, मात्रा डब्याडब्यागणिक वेगळी. पोटऱ्या दुखू लागल्या की वय झालं म्हणायचं. वर ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आहेच. एम्सच्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हाच्या या शहरातल्या निरोगी माणसांतही ती सर्रास आढळली होती, आणि तिनेही अंग दुखतं. दुखणं गोळीचं, तांदळाचं की ‘ड’चं, हे डॉक्टरांना ओळखता यायचं असेल तर तिन्ही समोर यायला हवेत. ‘ड’चं साठ हजार युनिटांचं आठवड्याचं पाऊच रोज घेणारे आजोबाही आमच्या सोसायटीत होते, त्याने रक्तातलं कॅल्शियम धोक्याइतकं चढतं.

२०२२ साली क्लीव्हलँड क्लिनिकने रोसुव्हास्टॅटिनची पाच मिलिग्रॅमची छोटी मात्रा एका बाजूला आणि माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ हे सहा पूरक पदार्थ दुसऱ्या बाजूला ठेवून २८ दिवस पाहिलं. गोळीने एलडीएल ३८ टक्क्यांच्या आसपास उतरलं. सहांपैकी एकही नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा म्हणण्यासारखा सरस ठरला नाही. हे वाचून मला आनंद झाला नाही. इतक्या वर्षांची इतकी माया त्या बाटल्यांमध्ये होती.

नोएडातल्या एका डॉक्टरांनी आईला शेवटी विचारलं, “आजी, घरातलं सगळं आणा, चूर्णंसुद्धा.” आईने कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यांनी एकेक बाटली वाचली, कुठल्याही बाटलीला नाक मुरडलं नाही. इसबगोल ठेवला, गोळीपासून दूर. ‘ड’ ठेवलं, महिन्यातून एकदा. गुग्गुळ, आरोग्यवर्धिनी आणि लाल तांदूळ बंद. चकोतरा, म्हणजे आपला पपनस, खाता का हेही विचारलं, कारण ग्रेपफ्रूटसारखी त्याच्यातली द्रव्यंही ॲटॉरव्हास्टॅटिन मोडू देत नाहीत आणि गोळीचा जोर वाढतो. आई खूश होती. तिच्या लसणाबद्दल इतक्या बारकाईने याआधी कुणी विचारलं नव्हतं.

आता आमचीच पन्नाशी उलटली. नेताजीनगर, सरोजिनीनगरची जुनी क्वार्टर्स पाडून तिथे टॉवर उठत आहेत. ब्लॉकमधली मुलं गणपतीत भेटतात तेव्हा स्टॅटिन कुणाची किती मिलिग्रॅम याची चौकशी होते. गेल्या वर्षी गुरुग्रामच्या मैत्रिणीने झोपेसाठी अश्वगंधाच्या गमी सुरू केल्याचं सांगितलं. बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक होता, म्हणून ती निश्चिंत होती. तो परवाना अन्न विकण्याचा असतो. तुमच्या गोळीबरोबर ते चालेल का, हे त्यात कुणी तपासलेलं नसतं. अश्वगंधाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि स्टॅटिन घेणाऱ्याला त्याकडे दुर्लक्ष परवडत नाही. आम्ही तिथेच आरतीआधी लेबलचा फोटो काढून तिच्या डॉक्टरांना पाठवला. रात्री उत्तर आलं: गमी थांबवा, गोळी चालू ठेवा, महिन्याने एसजीपीटी करून मला दाखवा.