मास्तर गेल्यानंतर

शाळेचा एखादा संघ पाच-सात वर्षे जिंकत असतो. मग एके वर्षी त्या संघाचे शिक्षक सेवानिवृत्त होतात किंवा दुसऱ्या गावी जातात, आणि पुढल्याच हंगामात तो संघ पहिल्या सामन्यात हार खाऊन परत येतो. त्यानंतर गावात जी चर्चा सुरू होते ती सर्वत्र एकाच साच्याची असते. 'नव्या मास्तरांस काही येत नाही', हा तिचा आरंभ आणि हाच तिचा शेवट. माझा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला. खेळाशी संबंध म्हणावा तर प्रेक्षकाचा, आणि काही वर्षे शाळेच्या क्रीडासमितीचा हिशेब ठेवणाराचा. तथापि ह्या एका चर्चेविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात आहे. तिच्यापायी एका गुणी तरुणाची उमेद खचलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आमच्या शाळेत फुटबॉल रुजविला तो एका क्रीडाशिक्षकांनी. त्यांचे नाव येथे देत नाही, शाळेचेही देत नाही. मुले त्यांस नुसते 'मास्तर' म्हणत, मीही तेच म्हणेन. आमच्या सोलापुरात मुलांचे खेळ म्हणजे खो-खो, कबड्डी आणि सुटीतले क्रिकेट. अशा ठिकाणी मास्तरांनी तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू अशा चार बोली बोलणारी अकरा मुले एका चेंडूमागे धावावयास लावली. सकाळची प्रार्थना आटोपून मुले रांगेने वर्गात जात तेव्हा मास्तर जिन्याशी उभे राहून त्यांच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहत. कोण दोन पायऱ्या एकदम चढतो, कोण वळताना कठड्याचा आधार घेत नाही, हे सारे ते मनात टिपून ठेवीत. निवड झाली की ते मुलाच्या घरी जात. पूर्वभागातील मागवाल्यांच्या घरी मुलगा संध्याकाळचा खेळावयास सोडणे म्हणजे कांड्या भरणारे दोन हात कमी होणे. बाप सहजासहजी कबूल होत नसे. मास्तर तेथे तास-तास बसत, चहा घेत आणि काहीतरी तोड काढूनच उठत. सराव संपल्यावर भिजविलेले हरभरे व गूळ मुलांच्या हातावर पडे. त्याचा खर्च माझ्या हिशेबाच्या वहीत कधी आला नाही.

दिल्लीच्या सुब्रतो मुखर्जी चषकाची वाट जिल्ह्यापासून सुरू होते. जिल्हा जिंकला की विभाग, विभाग जिंकला की राज्य, आणि मग दिल्ली. सोलापूर जिल्हा पुणे विभागात मोडतो, तेव्हा दुसऱ्याच पायरीवर पुण्याच्या तालेवार शाळा उभ्या असतात. आमच्या मुलांनी जिल्ह्याचे अजिंक्यपद ओळीने पाच वर्षे मिळविले आणि एकदा पुणेकरांसही नमविले. त्या दिवशी शाळेस अर्धी सुटी मिळाली होती. पुढे घरच्या अडचणीमुळे मास्तर नोकरी सोडून लेकीच्या गावी राहावयास गेले. निरोपाचा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली. मास्तरांनी कोणती गोष्ट कशी केली हे मात्र त्या समारंभात किंवा नंतर कोणी विचारून घेतले नाही.

नवे शिक्षक तिशीच्या आतले होते. शारीरिक शिक्षणाची पदवी त्यांच्याजवळ होती. खेळाचे नियम त्यांस मास्तरांहून काकणभर अधिकच ठाऊक असावेत. फळ्यावर रेघा काढून ते कोणी कोठे उभे राहावे हे नीट समजावून देत. परंतु कोणत्या मुलाच्या घरी कोणत्या वारी माग बंद असतो हे त्यांस कोण सांगणार? सरावास कधी सात मुले येत, कधी पाच. पहिल्या वर्षी संघ पहिल्याच सामन्यात हरला, दुसऱ्या वर्षीही तेच. मग संस्थेच्या सभेत त्यांस उभे करून जाब विचारण्यात आला. एका सभासदाने भिंतीवरील जुन्या छायाचित्राकडे बोट दाखवून, 'हे पाहा आणि काय ते समजा,' असे म्हटले. तो तरुण काही बोलला नाही. तिसऱ्या वर्षी त्याने राजीनामा दिला.

पराभवाच्या त्या पहिल्या सामन्यास मी मैदानाच्या कडेस बसलो होतो. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती खेळ जाणणारांस कदाचित क्षुल्लक वाटेल. चेंडू पायाशी आला की आमचा मधल्या फळीतला मुलगा मान वर करी आणि रेषेकडे पाही. मास्तर सामना चालू असता त्या रेषेवरून अखंड बोलत असत: 'डावीकडे', 'थांब', 'आता दे'. त्या आवाजावर मुलांचे पाय चालत. आज रेषेवर दुसरे गृहस्थ उभे होते आणि ते शांत होते, कारण सामन्यात मुलांनी स्वतः विचार करावा असे त्यांचे शिक्षण त्यांस सांगत होते. मुलगा पाही तेवढ्या वेळात प्रतिपक्षाचा गडी चेंडू काढून नेई. मुलांचे पाय शिकले होते. निर्णय मास्तरांच्या कंठात राहिला होता आणि तो त्यांच्याबरोबर परगावी गेला.

मास्तरांची निंदा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्यासारखा शिक्षक शाळेस क्वचित लाभतो. परंतु गुरूने काय दिले आणि काय राखले हा प्रश्न फार जुना आहे. अश्वत्थाम्यास ब्रह्मशिर अस्त्र सोडता आले, आवरता आले नाही. अर्जुनास दोन्ही साधले. गुरु दोघांचा एकच होता.

ही गोष्ट शाळेच्या पोरांपुरतीच असती तर मासिकाची पाने अडविण्याचे कारण नव्हते. पण मोठमोठ्या संघांची कथा हीच आहे. गोव्यातील धेंपो क्लबाचेच पाहा. आर्मांदो कुलासो हे त्या क्लबाचे प्रशिक्षक असता २००४–०५ आणि २००६–०७ साली धेंपोने राष्ट्रीय लीग जिंकली. पुढे तिचे नाव आय-लीग झाल्यावर २००७–०८, २००९–१० आणि २०११–१२ साली पुन्हा जिंकली. आठ वर्षांत पाच अजिंक्यपदे! २००८ साली आशियाई क्लबांच्या ए.एफ.सी. चषकात हा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही नावे त्या वेळी देशभर झाली. २०११ साली काही काळ राष्ट्रीय संघाची धुराही कुलासो ह्यांनी वाहिली. २०१३ मध्ये ते धेंपो सोडून कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. त्यांच्यानंतर परदेशी प्रशिक्षक आणण्यात आले. आणि २०१४–१५ च्या हंगामाअखेर, अजिंक्यपदास तीनच वर्षे झाली असता, धेंपोची खालच्या श्रेणीत उतरण होऊन गेली.

सारा दोष एका माणसाच्या जाण्यावर घालणे मात्र न्यायाचे होणार नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि जुन्या क्लबांच्या पायांखालची जमीनच सरकू लागली. धेंपोने खालच्या श्रेणीत पहिला क्रमांक मिळवून परतीचा हक्क मिळविला खरा, परंतु त्याच वर्षी, २०१६ मध्ये, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब ह्या गोव्याच्या इतर दोन संघांप्रमाणे धेंपोनेही ती स्पर्धा सोडली. फुटबॉल महासंघाने नव्या लीगला वरचे पान मांडण्याचे योजिले होते, ते त्यांस मान्य नव्हते. तेव्हा कारणे अनेक होती. पण एक गोष्ट माझ्या मनात घोळते. कुलासो गेले त्या वेळी त्यांचे उत्तम शिष्य अद्याप बूट घालून मैदानात धावत होते. त्यांतला एकही गुरूच्या जागी उभा राहण्याइतका मोकळा झाला नव्हता. पुढे ते झाले. क्लिफर्ड मिरांडा ह्यांच्या हाताखाली ओडिशाच्या संघाने २०२३ चा सुपर चषक जिंकला. समीर नाईक धेंपोचेच प्रशिक्षक झाले, आणि २०२४–२५ च्या हंगामात त्यांचा संघ पुन्हा आय-लीगमध्ये खेळला. गुरु गेल्यापासून शिष्याने ते दार पुन्हा उघडीपर्यंत मध्ये अकरा वर्षे लोटली. सभासदांना दोन वर्षांत निकाल हवा असतो!

आमच्या सोलापुराहून लोहमार्गाने फार दूर नसलेल्या हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. पेशाने ते शाळामास्तरच. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्थानने १९५१ आणि १९६२ साली आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात चौथा क्रमांक पटकाविला. १९६३ साली ते वारले. त्यानंतर आशियाई खेळांत सुवर्ण नाहीच. १९७० चे कांस्य तेवढे पदरी पडले. आणि आपल्या घरोघर ज्यांचे नाव आदराने घेतले जाई ते प्राध्यापक दि. ब. देवधर? पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकविणारा हा माणूस (मला ह्या गोष्टीचा थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षमा करावा) महाराष्ट्राचा कर्णधार असता १९३९–४० आणि १९४०–४१ असा दोन वर्षे रणजी चषक आपल्याकडे आला. मग हजारे बडोद्यास गेले, देवधर वयाने निवृत्त झाले. पुढे महाराष्ट्राने १९७०–७१, १९९२–९३ आणि २०१३–१४ मध्ये अंतिम सामना गाठला आणि तिन्ही वेळा गमावला.

मालविकाग्निमित्राच्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांचे भांडण लागते ते वाचकांस स्मरत असेल. तेथे परिव्राजिका म्हणते त्याचा आशय असा की, कोणाची विद्या स्वतःच्या ठिकाणी शोभते, कोणाची दुसऱ्यास देण्यात. दोन्ही ज्याला साधते तो शिक्षकांत अग्रणी. वर्गात हा श्लोक शिकविताना मला नेहमी वाटे की कालिदासाने येथे आणखी एक पायरी सोडली. मालविका उत्तम नाचली, गणदास जिंकला. पण गणदास गेल्यावर मालविका दुसऱ्या कोणास शिकवू शकली असती काय, हे नाटकास विचारण्याचे कारण पडले नाही. शाळेस पडते.

कोल्हापुरास गेले म्हणजे ह्याच्या उलट प्रकार दिसतो. तेथे फुटबॉल एका गुरूच्या अंगावर उभा नाही, पेठांच्या अंगावर आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल तालीम असे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा आजोबा, बाप आणि नातू एकाच बाजूने ओरडत असतात. प्रशिक्षक येतात-जातात, पोरगे मात्र गल्लीतल्या थोरल्या पोराचे पाहून शिकते आणि धाकट्यास शिकविते. वेदपाठशाळेत आम्ही लहान असता संथा घ्यावयाची ती पुष्कळदा गुरुजींकडून नव्हे, वरच्या विद्यार्थ्याकडून. तोच हा मार्ग. ह्या मार्गाने अजिंक्यपदेच मिळतात असे नाही. पेठांची भांडणे प्रसिद्ध आहेत, आणि सतरा वर्षांखालील विश्वचषक २०१७ साली आपल्या देशात भरला तेव्हा त्यात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत तयार झाला होता. उंची गाठावयाची तर गुरु हवाच. पण कोल्हापुरात फुटबॉल बंद पडत नाही, आणि आमच्या शाळेत तो बंद पडला.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्या गृहिणींस हे मी समजावून सांगावयास नको. घरातील वडील बाई गेली की पहिल्या वर्षी मेतकूट बिघडते. सून फूहड असते म्हणून नव्हे. सासूबाई डाळी मुठीने घेत आणि ती मूठ कोणी मापात धरून ठेवलेली नसते. शहाणी सासू हयातीतच सुनेला जात्याशी बसवून आपण बाजूस होते, आणि एखादी खेप बिघडली तरी हूं की चूं करीत नाही. ही शेवटची गोष्टच कठीण. आमच्या मास्तरांनी एखाद्या सामन्यात तोंड मिटून संघ हरू दिला असता तर? पण त्या वर्षी छायाचित्र भिंतीवर लागले नसते, आणि सभेत उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर आली असती. तेव्हा गुरूने मागे सरावे ही अपेक्षा करणारांनी गुरूस एक-दोन पराभवांची सवड आधी द्यावयास हवी.

शाळेतला फुटबॉल बंद पडून कित्येक वर्षे झाली. मैदानाच्या एका अंगास आता मोटारसायकली उभ्या असतात. गेल्या दिवाळीपासून मात्र संध्याकाळी वीस-पंचवीस लहान मुले तेथे जमू लागली आहेत. त्यांस शिकविणारा गृहस्थ यंत्रमागावर कामाला आहे. रेषेकडे पाहणारा तो मधल्या फळीतला मुलगा हाच. मी दोन-तीनदा जाऊन उभा राहिलो. एखादे पोर चेंडू अडवून त्याच्याकडे पाहू लागले की तो मुद्दाम पाठ फिरवून कुंपणाकडे पाहतो. कोण कोणाच्या घरचा, कोणाचा बाप कोणत्या पाळीस जातो, हे त्याने एका लहान वहीत लिहून ठेवले आहे, आणि ती वही तो नववीतल्या दोन मुलांस सांभाळावयास देतो.

शाळेच्या कोठीत जुनी जाळी, झेंडे आणि हवा भरण्याचा पंप पडून आहेत. त्या कोठीची किल्ली मिळावी असा त्याने अर्ज केला आहे. त्याच्याजवळ पदवी नाही ही समितीची अडचण आहे, म्हणून अर्ज दोन सभांत पुढे ढकलला गेला. तोवर चेंडूत हवा तो कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानातून भरून आणतो.