मेणवलीच्या घाटावर चित्र काढताना

वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ, आणि शेजारी लहानशा दगडी बांधणीत टांगलेली एक अवजड घंटा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या वेळी पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक. बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती तिच्यावर आजही दिसते. चित्रपटांमुळे हा घाट देशभर ओळखीचा झाला; जलरंगात काम करणाऱ्यांनाही तो ओढ लावतो.

दुकान मुलांच्या हाती सोपवल्यापासून मी दर हिवाळ्यात दोन-तीनदा येथे येते. घाटाचा दगड काळा म्हणावा, तर सकाळच्या उन्हात तो कोठे निळसर, कोठे तांबूस दिसतो. म्हणून तयार काळा रंग मी घेत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी एकत्र कालवते. (दुसरेही कारण आहे. ‘आयव्हरी ब्लॅक’ नावाचा काळा जाळलेल्या हाडांपासून करतात. तो आमच्या घरात येत नाही.)

उघड्यावर चित्र काढायला बसले की मुले जमायचीच. मोठी माणसे मागून डोकावतात, ‘छान’ म्हणतात आणि पुढे जातात. मुले थांबतात आणि पडताळा घेतात. वहीत लिहिलेला माल गोदामात आहे की नाही हे पाहणाऱ्या मुनीमजींसारखी. “घंटा कुठाय?” “तिकडं म्हस बसलीय, ती न्हाई काढली!” “आजी, कितीला इकणार?” हा शेवटचा प्रश्न ऐकला की मला माहेरची पेढी आठवते.

जलरंगाचा थर ओला आहे तोवरच पुरा करावा लागतो. मध्येच हात थांबला तर कागदावर नको तेथे कडा उमटते. त्यामुळे मुलांवर खेकसणाऱ्या चित्रकारांचा त्रागा मला समजतो. त्यांना हाकलणे मात्र पटत नाही. अखेर आपण त्यांच्या अंगणात येऊन बसलेलो असतो.

गेल्या माघात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बराच वेळ गप्प उभी होती. मग एकदम म्हणाली, “आजी, ह्यो ब्रश कुणाच्या केसांचा?”

आजवर कोणा ग्राहकाने वा पाहुण्याने मला हे विचारले नव्हते. मी सांगितले, नायलॉनचा. मुंगसाच्या केसांचे ब्रश पूर्वी सर्रास विकले जात, आणि त्या केसांसाठी मुंगूस मारले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, तरी चोरटा व्यापार पुरता थांबलेला नाही. नायलॉन पाणी कमी धरतो, एका दमात लांब थर ओढू देत नाही. पुन्हापुन्हा रंग उचलावा लागतो. तेवढे सोसता येते.

तिने ब्रशचे टोक तळहातावर फिरवून पाहिले. “म्हंजी ह्यात कुणाला इचारायला नगं.” क्षणभर थांबून तिने खाली बोट दाखवले. “आन् आईला इचारलं का?”

खालच्या पायरीवर तिची आई धुणे धूत होती. तिच्यासाठी कागदावर मी जागा कोरी राखली होती. जलरंगात पांढरा सहसा लावत नाहीत, कागदच शिल्लक ठेवतात. नदीच्या घाटाच्या चित्रात अशी एखादी पाठमोरी स्त्री बहुधा असतेच. चित्र पूर्ण होते, कोणाच्या तरी दिवाणखान्यात लागते. तिला त्याची वार्ताही नसते.

“अजून नाही,” मी म्हणाले. “तू विचारून येतेस?”

ती पायऱ्या उतरत गेली. आईने हात थांबवला, वर माझ्याकडे पाहिले. दोघींचे बरेच बोलणे झाले. नदीच्या पाण्याचा माझा थर तोवर अर्ध्यातच वाळून गेला. मुलगी धापा टाकत परतली.

“काढा म्हनली. पर तोंड दिसाया नगं.”

मी हिरवा कालवला आणि राखलेल्या जागेवर ब्रश नेला, तोच तिने माझा हात धरला.

“हिरवं न्हाई वो, मोरपंखी हाय.”

खाली पाहिले. खरेच, मोरपंखी होते. मी रंगात आणखी निळा घातला, आणि तिने मान हलवीपर्यंत कालवीत राहिले.