दुखण्यांतील सोबत

संस्कृत भाषेंत 'यकृत्' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. कांहीं विभक्तींत तो आपलें मूळ रूप टाकून 'यकन्' असें निराळेंच रूप धारण करूं शकतो. बत्तीस वर्षें संस्कृत शिकवूनहि हा शब्द आमच्या वर्गांत क्वचितच आला. तो आमच्या घरांत शिरला उतारवयांत, आणि शिरला तोहि रूप पालटूनच.

2021 सालच्या पावसाळ्यांत आमचे डोळे पिवळे झाले, भूक मेली, आणि जिना चढतांना मध्येंच बसावेंसें वाटूं लागलें. साताऱ्यास साधी कावीळ समजून पंधरवडाभर पथ्य झालें. पण उतार पडेना, तेव्हां पुण्यास यकृताच्या तज्ज्ञांकडे गेलों. रक्ताच्या अनेक तपासण्या झाल्या. काविळीचे विषाणु कोठें सांपडले नाहींत. अखेर सुईनें यकृताचा बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यांत आला, आणि निदान झालें : ऑटोइम्यून हिपॅटायटिस. शरीराचें रक्षण करणारी जी शक्ति, तीच यकृतास परकें समजून त्याच्यावर चाल करून जाते. कुंपणानेंच शेत खाल्लें, ही आपली म्हण या व्याधीस तंतोतंत लागू पडते. ही व्याधि सांसर्गिक नाहीं. चार रोग्यांत साधारण तीन स्त्रिया असतात. परंतु पुरुषांस ती सोडते असें नाहीं. आणि मद्यपानानें ती होत नाहीं.

हें शेवटचें वाक्य मुद्दाम लिहिलें. यकृत बिघडलें म्हटलें कीं ऐकणारा क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणांत त्याच्या मनांत काय आलें तें रोग्यास स्पष्ट वाचतां येतें. आम्हांस चाळीस वर्षें ओळखणाऱ्या एका गृहस्थांनीं आमच्या धाकट्या बंधूंस बाजूला घेऊन, "अण्णा पूर्वीं कधीं घेत असत काय?" असें विचारलें. बंधूंनीं तें हंसून सोडून दिलें. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप लागली नाहीं.

उपचार तसा जुनाच आहे. 1950 सालीं स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनीं तरुण स्त्रियांतील अशा दुखण्याचें वर्णन केलें. पुढें 1971 सालीं लंडन येथें शीला शेरलॉक व त्यांचे सहकारी यांनीं आपल्या प्रयोगाचे आंकडे प्रसिद्ध केले : प्रेड्निसोलोन दिलेल्या 22 रोग्यांपैकीं 3 दगावले होते, न दिलेल्या 27 पैकीं 15. आजहि बहुधा तेंच औषध आरंभीं मोठ्या मात्रेनें देऊन पायरीपायरीनें उतरवितात, व जोडीस अ‍ॅझाथायोप्रिन देतात. औषध लागू पडलें म्हणजे बहुतेक रोगी चारचौघांसारखें आयुष्य घालवितात. मात्र गोळ्या कित्येक वर्षें, कित्येकांस जन्मभर घ्याव्या लागतात. बंद केल्यास अर्ध्याहून अधिक रोग्यांत दुखणें उलटतें.

हें 'कित्येक वर्षें' प्रकरण कुटुंबास पचावयास कठीण. पंधरा दिवसांच्या तापास आपलें घर कसें उठून लागतें! पेज, पाण्याच्या पट्ट्या, उशाशीं आळीपाळीनें जागरण. परंतु जें दुखणें मारीतहि नाहीं आणि सोडीतहि नाहीं, त्याच्याशीं कसें वागावें याची रीत घरांत कोणासच ठाऊक नसते. त्यांत प्रेड्निसोलोननें चेहरा गोल होतो, भूक वखवखते, झोंप उडते आणि स्वभाव तिखट होतो. समाचारास येणारे म्हणत, "वा अण्णा, तब्येत चांगली भरली!" आंत जिन्याच्या चार पायऱ्यांचें बळ नसतां, बाहेरून आम्ही असे पुष्ट दिसत होतों.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. सर्वांस काळजी होती. परंतु दहा जणांची काळजी म्हणजे पुष्कळदां एकाचेंहि काम नव्हे. गोळी घेतली काय हें तिघें विचारीत, आणि संपत आलेली बाटली कोणीच पाहत नसे. सारा भार सौभाग्यवतींवर पडे.

यांतून वाट निघाली ती एका काढ्याच्या निमित्तानें. आमच्या मावसबहिणीनें गुळवेलीचा काढा करून आणला. 2020 च्या साथींत तो घरोघरीं झालाच होता. डॉक्टरांनीं तो आम्हांस स्पष्ट वर्ज्य सांगितला होता. 2021 सालींच मुंबईच्या डॉक्टरांनीं, गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानें तो निष्कर्ष अमान्य केला. हा वाद विद्वानांनीं मिटवावा. ज्याचें यकृत आधींच स्वकीयांच्या माऱ्यानें घायाळ आहे त्यानें त्यांत उडी घेऊं नये. पण त्या काढ्यांत औषधापेक्षां माया अधिक होती, आणि ती परत कशी पाठवावी? तोड सौभाग्यवतींनीं काढली. त्या म्हणाल्या, "वन्सं, काढा नको, पण दर मंगळवारीं दुपारीं येऊन यांच्यापाशीं तासभर बसाल का? तेवढ्यांत मी जरा बाहेर जाऊन येईन." मावसबहीण आजतागायत मंगळवार चुकवीत नाहीं. आम्हांस सोबत झाली, सौभाग्यवतींस मोकळा श्वास मिळाला, आणि बहिणीच्या मायेस काम सांपडलें.

तेव्हांपासून घरांत कामें नांवानिशीं वांटलीं गेलीं. तपासण्यांचे कागद तारीखवार लावणें सूनबाईकडे. रविवारीं रात्रीं आठवड्याच्या गोळ्या डबींत भरणें नातवाकडे. पुण्याच्या खेपेस बरोबर येणें, आणि शंकेखोर पाहुण्यांस उत्तर देणें, बंधूंकडे. आम्ही चिडलों तर तो औषधाचा गुण समजून तास-दीडतास कोणी बोलूं नये, असाहि एक ठराव झाला.

तरीहि एक उणीव घरास भरून काढतां येत नव्हती. ती पुण्यास, डॉक्टरांच्या बाहेरच्या बांकावर भरून निघाली. तेथें कऱ्हाडच्या एक बाई भेटल्या, बँकेंत नोकरीस. त्यांचें दुखणें आमच्याच गोत्रांतलें : प्रायमरी बिलिअरी कोलान्जायटिस. त्यांत यकृतांतील पित्ताच्या बारीक नलिका नासतात, आणि अंगास विलक्षण खाज सुटते. बोलतां बोलतां त्यांनीं विचारलें, "गुरुजी, तुम्हांलाहि दुपारीं अंगांतला जीव कोणी काढून नेल्यासारखें होतें का?" वर्षभरांत हा प्रश्न आम्हांस प्रथमच कोणी विचारला होता. उत्तर देतांना आमचा गळा दाटून आला.

बाईंनीं सासरीं दुखण्याचें नांवहि काढलें नव्हतें. 2015 पर्यंत त्या व्याधीच्या नांवांत 'सिऱ्होसिस' हा शब्द होता, आणि त्या शब्दास दारूचा वास येतो. रोग्यांच्या संघटनांनीं आग्रह धरला म्हणून तज्ज्ञांनीं त्या वर्षीं तें नांव बदललें. पण जुनें नांव लोकांच्या तोंडून जात नाहीं. सासरीं कोणी ऐकलें तर, या भीतीनें बाई गप्प राहत, आणि त्यांचा थकवा घरांत आळस म्हणून गणला जाई. गोळ्या सोडून द्याव्या असेंहि त्यांच्या मनांत घोळत होतें. त्यांच्या संमतीनें सौभाग्यवतींनीं त्यांच्या सासूबाईंस फोन केला. आमच्या घरचें सर्व सांगितलें, आणि मग त्यांच्या सुनेचें. पुढच्या खेपेस सासूबाई स्वतः बरोबर आल्या. डॉक्टरांस त्यांनीं एकच प्रश्न केला : "हिला दुपारीं निजूं द्यावें ना?" बाई खिडकीकडे तोंड करून डोळे पुशीत होत्या.

आज आमची मात्रा अल्प आहे व रक्ताचे आंकडे जागेवर आहेत. दुखणें गेलें नाहीं. तें घरांत राहतें, आणि घर त्याच्यासह चालतें. वाचकहो, आपल्या घरीं असें लांबलेलें दुखणें असल्यास रोग्यास "कसें वाटतें?" असें अवश्य विचारावें, पण लगेच "यांतलें माझ्याकडे काय?" असेंहि विचारावें. आणि रोग्यानें संकोच सोडून एखादें लहानसें, नेमकें काम सांगावें. माया सर्वांपाशीं असते. तिला हात कोठें लावावा एवढेंच कोणी दाखवून द्यावें लागतें.