गोष्ट विहिरीपाशी येते तेव्हा

तुमसर तालुक्यातल्या आंबागडला वाढणाऱ्या मुलांच्या कानावर किल्ल्याची गोष्ट येतेच. तिथल्याच एका मुलीला ती आजीकडून मिळाली. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजा खान पठाण यानं १७००च्या सुमारास किल्ला बांधला, पुढे नागपूरकर भोसल्यांनी तिथं कैदी ठेवले, एवढं आजी भराभर सांगून टाकायची. मग लाखोरीची डाळ निवडणारा हात थांबायचा. कैद्यांना किल्ल्यातल्या विहिरीचं विषारी पाणी पाजून मारत, असं म्हणतात. ‘पाजून’ म्हणताना आजीचा आवाज खाली यायचा. गोष्ट पाठ असूनही नातीच्या पोटात दर वेळी तिथंच गोळा यायचा.

“मंग का झालं, आजी?” हेही ती दर वेळी विचारायचीच.

पोटात गोळा नेमका तिथंच का येतो, याचा थोडा उलगडा तिला पुढं शाळेत इतिहास शिकवायला लागल्यावर वाचनातून झाला. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०११ साली अँडरसनची कुरूप बदकपिल्लाची गोष्ट लोकांना एमआरआय यंत्रात ऐकवली. गोष्टीतल्या तीव्र जागा आल्या की ऐकणाऱ्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग अधिक जागा व्हायचा. २०२१मधल्या एका अभ्यासात ज्यूल व्हर्नची कादंबरी एकेकट्यानं ऐकणाऱ्यांच्याही हृदयाचे ठोके त्याच त्याच जागी जलद-मंद होताना आढळले. लक्ष दुसरीकडे वळवलं की हा मेळ ढासळायचा. दिवाळीनंतरच्या थंडीत दंडार हे लोकनाट्य पाहताना अख्खी गर्दी एकदम गप्प झालेली तिनं लहानपणापासून अनुभवली होती. तिला यात नवल कमी आणि ओळख जास्त वाटली.

तिला खरं हलवलं ते २०१७च्या एका प्रयोगानं. उरी हॅसन यांच्या प्रिन्स्टनमधल्या चमूनं सॅलिंजरची एक कथा दोन गटांना ऐकवली. नवरा रात्री मित्राला फोन करून बायको कुठंय ते विचारतो. एका गटाला आधीच सांगितलं होतं, की बायको त्या मित्राकडेच आहे. दुसऱ्याला सांगितलं, की नवरा उगाच संशय घेतोय. शब्द तेच होते, पण मेंदूचे प्रतिसाद ज्याच्या त्याच्या गटाशी अधिक जुळले. म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधी सांगणारा काय कानात घालतो, त्यावर ऐकणाऱ्याची माया कुणाकडे जाईल हे बरंचसं ठरतं. सांगणाऱ्यावरची ही जबाबदारी मोठी आहे, आणि इतिहासाच्या तासाला तर ती फारच मोठी.

आंबागडच्या गोष्टीत राजा खानाला नाव आहे, भोसल्यांना आहे. कैद्यांना मात्र नाही. यंदा तिनं गोष्ट सांगण्याआधी वर्गाला सांगितलं, “प्रत्येकानं एकेका कैद्याला नाव द्या. खरी नावं आपल्याला ठाऊक नाहीत, हे मात्र विसरू नका.” पोरांनी दिली. मग गोष्ट विहिरीपर्यंत पोचेचना. किल्ला अर्धा चढून होत नाही तोच मागच्या बाकावरून हात वर झाला, “बाई, माझ्या गोविंदाच्या घरी कोण कोण होतं?” आणि त्यापाठोपाठ आणखी चार हात.