बारा जानेवारीचे भाषण

शाळेचे सोबती भेटले की आम्हांला भवानी पेठेतल्या मागांचा खडखडाट आधी आठवतो, मास्तर नंतर. वर्गात मराठी, मधल्या सुट्टीत मात्र तेलुगू, कन्नड आणि दखनीचा असा काला होई की कोण कोणत्या भाषेत भांडते आहे याचे भान उरत नसे.

परवा जमलो तेव्हा बोलणे १२ जानेवारीवर आले. सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात फाशी झाली. (नावेच पाहा, अख्खे सोलापूर त्यांत आहे.) शाळेत त्यांच्यावर भाषणे होत. गड्ड्याच्या जत्रेचे वेध लागलेले. आम्ही ती कशीबशी ऐकत असू.

एके वर्षी, घरी तेलुगू बोलणाऱ्या आमच्या मित्राच्या उच्चारांना आम्ही हसलो. तो अर्ध्यावरच खाली बसला. पुढल्या वर्षी तो वर्गात नव्हता, वडिलांच्या मागावर होता. आमच्या हसण्यामुळे की घरच्या ओढगस्तीमुळे, हे आम्ही कधी विचारले नाही.

परवा तोही आला होता. विषय निघताच कुणीतरी घाईने चहा मागवला. त्याने मात्र चौघांची नावे एका दमात घेतली आणि राहिलेले अर्धे भाषण पुरे केले. उच्चार तेच होते.