घाटातला बैल आणि फडातला बैल

परवा यात्रा कमिटीच्या बैठकीत एकच प्रश्न विचारला आणि घरी येईपर्यंत मी 'शर्यतीचा विरोधक' ठरलो. म्हणून लिहितोय.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं. आमच्याकडं शर्यत म्हणजे घाट, चार बैलांची बारी, पुढं पळणारी घोडी आणि माईकवरचं भिर्रर्र. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली तेव्हा आमच्या तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, दावणीला दोन खिल्लार होते. दोन वर्षं वाट पाहिली. शेतीला ट्रॅक्टर आलेला, बैलांना काम नाही, वैरण मात्र रोजची. शेवटी विकले. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

2017 चा राज्याचा कायदा हायकोर्टात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. गावानं गुलाल उधळला, मीही उधळला. विरोधक कसला!

पण दौंडला आत्याकडं हंगामात गेलं की दुसरे बैल दिसतात. मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड कुटुंबांचे. टायरगाडीवर उसाचा डोंगर, चढाला बैल फेसाळतो, मागून ट्रकचा हॉर्न. त्याच्यासाठी ना कुणी गुलाल आणत, ना कुणी कोर्टात जात. गाडीवानाचं पोटही त्याच जुवाला बांधलेलं, त्याला काय बोलणार?

आमचा बैल मात्र हौसेचा. मग त्याला तरी नियमानं वागवूया की! चाबूक, काठी कायद्यानं बंद आहे. तरी मागच्या यात्रेत गाडा सोडताना एकानं बैलाचं शेपूट पिरगाळलं. सगळ्यांनी बघितलं, कुणी बोललं नाही. मी विचारलं, असा गाडा बाद करायचा का?

पुतण्या म्हणाला, "काका, मग बाहेरचे गाडे येतील का आपल्याकडं?"

गंमत बघा. रांजणगाव एमआयडीसीतल्या पोरांना सुट्टी मिळावी म्हणून याच कमिटीनं 'पालखी तिथीला, बारी रविवारी' हे दहा मिनिटांत ठरवलं होतं. देवाला चाललं. शेपटावर मात्र दीड तास वाद, निर्णय नाहीच.

रात्री तात्यांना सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाद करा. माझा असता तरी बाद करा."

पुढची बैठक शनिवारी आहे. विषय परत काढणार. या वेळी तात्यांना गाडीत बसवून नेतोय.